फ्लायवेट, इंटर्न की साधे अ‍ॅरे? दहा लाख झाडांचा हिशेब

समजा, जावात नकाशा काढायचाय आणि त्यावर 10 लाख झाडं आहेत. प्रत्येक झाडाला जागेसाठी दोन फ्लोट आणि नाव व पानांचा रंग अशा दोन स्ट्रिंग. फाइल वाचताना ओळीगणिक नवी ‘वड’ स्ट्रिंग तयार होते. 64 बिट हॉटस्पॉटवर (जावा प्रोग्राम चालवणाऱ्या व्हर्च्युअल मशीनवर) नेहमीच्या सेटिंगला झाडाचा ऑब्जेक्ट 32 बाइटचा, ‘वड’ 48 बाइटची आणि ‘हिरवा’ 56 बाइटची. एकूण झाडामागे 136 बाइट. सगळे वडच धरले तर 136 एमबी, आणि त्यातले 104 एमबी त्याच त्या दोन शब्दांपायी!

सगळ्यात कमी कष्टाचा उपाय म्हणजे जी-वन या गार्बेज कलेक्टरचं (न लागणारी मेमरी मोकळी करणाऱ्या भागाचं) स्ट्रिंग डीडुप्लिकेशन, म्हणजे सारख्या स्ट्रिंगचा मजकूर एकदाच ठेवणं. एक फ्लॅग लावायचा, कोडला हात लावायचा नाही. पण त्यात आतला बाइट अ‍ॅरे तेवढा सामाईक होतो, 24 बाइटचा स्ट्रिंग ऑब्जेक्ट प्रत्येकाचा वेगळाच राहतो. आकडा 80 एमबीच्या आसपास अडतो.

वाचतानाच स्ट्रिंगवर इंटर्न ही मेथड बोलावली, म्हणजे सारख्या शब्दासाठी सगळीकडे एकच स्ट्रिंग वापरली, तर थेट 32 एमबी. फ्लायवेट या डिझाइन पॅटर्नमध्ये नाव आणि रंग ‘जात’ नावाच्या सामाईक ऑब्जेक्टमध्ये जातात, झाडाकडे जागा आणि एक रेफरन्स उरतो: 24 एमबी. म्हणजे इंटर्नच्या पुढे फक्त 8 एमबींची बचत. तेवढ्यासाठी फॅक्टरी (मागितलेली जात आधीच असेल तर तीच परत देणारा कोड), तिचा मॅप, नवा क्लास असा संसार मी मांडणार नाही. पण त्या जातीसोबत चित्र असेल, झाड रंगवायची मेथड असेल, उद्या आणखी चार गुणधर्म येणार असतील, तर मात्र फ्लायवेटच हवं. 1990 मध्ये कॅल्डर आणि लिंटन यांनी ही कल्पना मांडली ती डॉक्युमेंट एडिटरसाठी. तिथे अक्षराला स्वतःला स्क्रीनवर रेखाटता यायला हवं होतं, नुसतं साठवून भागत नव्हतं.

फ्लायवेट घेतलंत तर जात रेकॉर्ड म्हणून लिहा, सगळी फील्ड फायनल, म्हणजे एकदा भरली की न बदलणारी. नाहीतर एका वडाची पानं पिवळी करायला कुणी सेटर (फील्ड बदलणारी मेथड) वापरला, तर नकाशावरचे सगळे वड पिवळे होतील, आणि हा बग शोधताना जीव मेटाकुटीला येतो. झाडागणिक बदलणारी गोष्ट झाडाकडेच ठेवा, किंवा मेथडला बाहेरून द्या.

नुसती आकडेमोड करायची असेल, अंतरं, गर्दी वगैरे, तर ऑब्जेक्ट सोडाच. दोन फ्लोट अ‍ॅरे आणि जातीच्या क्रमांकाचा एक शॉर्ट अ‍ॅरे: झाडामागे 10 बाइट, 10 एमबी. प्रोसेसरच्या कॅशलाही (त्याच्या जवळच्या वेगवान मेमरीलाही) हे मानवतं. वाचायला मात्र कोड रुक्ष होतो, नवीन माणसाला समजावून सांगावा लागतो.

आणि यातलं काहीही निवडण्याआधी हीप डंप (चालू प्रोग्रामच्या मेमरीची प्रत) काढून सारख्या स्ट्रिंग मोजा, नावं ट्रिम करा. ‘वड’ आणि शेवटी स्पेस असलेला ‘वड ’ फॅक्टरीला दोन वेगळ्या जाती वाटतात. लोकांनी हाताने भरलेल्या नावांवर अशी फॅक्टरी चालवली, तर तिचा मॅप फुगतच जातो आणि त्यातलं काही आपोआप बाहेर पडत नाही.