मागचे दाखवणारा गॉगल आणि मला न दिसलेली गाडी

नवी मुंबईत नेरूळहून पाम बीच रस्त्याने बेलापूरच्या किल्ला चौकापर्यंत जायचे आणि उजाडता उजाडता परत यायचे, असा सायकलचा फेरा मी गेली चार वर्षे आठवड्यातून तीन दिवस करते. दोन वर्षांपूर्वी मानेच्या मणक्यांचे दुखणे सुरू झाले आणि मान झटक्याने वळवू नका, असे डॉक्टरांनी बजावले. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे सायकलस्वाराला ओलांडणारे वाहन नेहमी त्याच्या उजव्या हाताने पुढे जाते आणि उजव्या खांद्यावरून मागे पाहिल्याशिवाय सायकल इंचभरही उजवीकडे घेता येत नाही. माझी मान नेमकी त्याच बाजूला वळत नव्हती. पाम बीच रस्ता पहाटे मोकळा असतो आणि मोकळा असतो म्हणूनच गाड्या तेथे भरधाव जातात, हे रोज जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सायकल सोडण्याची माझी तयारी नव्हती. अशा मनःस्थितीत असताना मोबाइलवर ती जाहिरात दिसली.

खेळाडू वापरतात तसा, कानापर्यंत वळलेल्या काचेचा काळा गॉगल होता आणि काचेच्या कडेला आतल्या बाजूने नखाएवढा आरसा बसवलेला होता. चित्रफितीतील सायकलस्वार मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून आरशात पाहत होता आणि त्या आरशात मागून येणारा ट्रक स्वच्छ दिसत होता. किंमत ४,९९९ रुपये लिहून त्यावर काट मारलेली होती, खाली १,४९९ रुपये होते, आणि सवलत संपायला किती मिनिटे उरली आहेत ते सांगणारे घड्याळ उलटे धावत होते. घरपोच आल्यावर पैसे देण्याची सोय होती. मात्र आधी पैसे भरल्यास आणखी शंभर रुपये सूट होती. मी आधी पैसे भरले. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पैसे घेणाऱ्याचे नाव म्हणून दुकानाऐवजी कोणा व्यक्तीचे नाव आले होते, हे मी पाहिले आणि मालकाचे असेल असे समजून पिन टाकला. त्या एका क्षणी थांबले असते, तर पुढचे काहीच घडले नसते.

असा गॉगल जगात मुळात नाहीच, असे कोणी समजू नये. युरोपात असे गॉगल खरोखर तयार होतात आणि तेथील सायकलपटू व नौकानयन करणारे खेळाडू ते वापरतात. आरसा डोळ्याच्या अगदी जवळ असल्यामुळे तो लहान असूनही मागचा बराच रस्ता त्यात दिसू शकतो. मात्र त्यासाठी आरसा सपाट असावा लागतो, कानशील, कान आणि हेल्मेटचा पट्टा ओलांडून नजर मागे जाईल इतका तो बाहेरच्या कडेला असावा लागतो, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्याची रुंदी वेगळी असल्यामुळे त्याचा कोन थोडा फिरवता यावा लागतो. हे मला आता कळते आहे. जाहिरातीतील चित्रफीत अशाच एका परदेशी कंपनीच्या खऱ्या गॉगलची होती, जी या विक्रेत्याने उचलून आपल्या पानावर लावली होती.

अकरा दिवसांनी पार्सल आले. पाठवणाऱ्याच्या जागी एका गोदामाचा अर्धवट पत्ता होता. आतल्या खोक्यावर कमाल किरकोळ किंमत, आयातदाराचे नाव, उत्पादनाचा देश, तक्रारीसाठीचा क्रमांक यांपैकी एकही गोष्ट छापलेली नव्हती. गॉगल उचलला तेव्हा तो हाताला अगदी हलका लागला आणि प्लॅस्टिकचा उग्र वास आला. जाहिरातीत वेगळा बसवलेला आरसा होता. येथे दोन्ही काचांच्या बाहेरच्या टोकांना, आतल्या बाजूने, बोटभर रुंदीचा चंदेरी पट्टा होता. संध्याकाळी इमारतीच्या पार्किंगमध्ये मी सायकलवर बसले, एक पाय जमिनीला टेकवला आणि मुलीला लाल छत्री उघडून माझ्या मागे दहा पावलांवर उभे केले. उजव्या पट्ट्यात मला माझ्या डोळ्याचा कोपरा, कानशिलावरचे पांढरे केस आणि त्यांच्यामागे काहीतरी राखाडी, पुसट दिसले. छत्री डावीकडे, उजवीकडे फिरवायला सांगितली, तरी लाल रंगाचा ठिपकासुद्धा त्या पट्ट्यात आला नाही.

त्याच रात्री मी विक्रेत्याला लिहिले. उत्तर तासाभरात आले, आणि ते फार सभ्य होते. डोळ्यांना आरशाची सवय व्हायला आठ ते दहा दिवस लागतात, पहिल्यांदा सर्वांनाच असे वाटते, रोज वापरत राहा, असे त्यात लिहिले होते. या ठिकाणी मी पुरती फसले, कारण त्या उत्तरात अर्धे सत्य होते. चांगल्या आरशाचीही सवय करावीच लागते. समोरच्या रस्त्यावरून नजर आरशावर नेऊन पुन्हा समोर आणायला डोळा थोडे दिवस घेतो. माल परत करण्याची मुदत सात दिवसांची होती आणि सवय होण्याची मुदत दहा दिवसांची सांगितली गेली होती, हे दोन आकडे मी तेव्हा शेजारी शेजारी ठेवून पाहिले नाहीत. तो गॉगल लावून मी रस्त्यावर जात राहिले.

नवव्या दिवशी, सारसोळेच्या सिग्नलच्या अलीकडे, डाव्या कडेला एक टेम्पो बंद पडून उभा होता. त्याला वळसा घालण्यासाठी मला उजवीकडे सरकायचे होते. मी उजव्या पट्ट्यात पाहिले. त्यात कसलीही हालचाल नव्हती. मी हँडल जेमतेम हातभर उजवीकडे वळवले असेल, तोच कर्कश हॉर्न वाजला आणि एक पांढरी गाडी माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावरून निघून गेली. वाऱ्याच्या झोताने सायकल डगमगली. मी कशीबशी टेम्पोच्या मागे थांबले, सायकल त्यालाच टेकवली आणि पदपथाच्या कठड्यावर बसून राहिले, कारण हात इतके थरथरत होते की पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडत नव्हते. गाडीवाल्याला दोष देता येणार नाही. त्याच्या दृष्टीने एक सायकल अचानक आडवी आली होती.

घरी आल्यावर गॉगल भिंगाखाली धरून पाहिला. चंदेरी पट्टा म्हणजे काचेवर चिकटवलेली फिल्म होती. नखाने तिचे टोक उचलले तर ते सहज सुटून आले. काच चेहऱ्याभोवती वळलेली, त्यामुळे आतून ती वाटीसारखी खोलगट होती, आणि तशा पृष्ठभागावर चिकटवलेल्या फिल्ममध्ये दूरची वस्तू स्पष्ट दिसणे शक्यच नव्हते. शिवाय काचेचे टोक कानशिलाकडे वळलेले असल्यामुळे ती फिल्म कायम चेहऱ्याकडेच तोंड करून असणार होती. यापेक्षाही वाईट गोष्ट मला शेवटी लक्षात आली. साध्या गॉगलमधून, किंवा गॉगल नसताना, शेजारी आलेले वाहन डोळ्याच्या कोपऱ्यातून जाणवते. या फिल्मने नेमका तो कोपरा झाकला होता. म्हणजे मागचे दिसण्यासाठी मी पैसे मोजले होते आणि बाजूचे जे दिसत होते, तेही गमावून बसले होते. मानेचा त्रास होता तरी पूर्वी मी थांबून, पाय टेकवून, अंग वळवून मागे पाहत असे. पट्ट्यावर विसंबल्यामुळे त्या नऊ दिवसांत ती सवयही मी सोडली होती.

वाशीच्या एका चष्म्याच्या दुकानात मी तो तपासून घेतला. काचेवर 'यूव्ही ४००' असे लिहिलेले होते, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतची अतिनील किरणे ती अडवते असा दावा होता. यंत्रात धरल्यावर त्या किरणांचा मोठा भाग काचेतून आरपार जात असल्याचे दिसले. दुकानदारांनी समजावून सांगितले की गडद पण अतिनील किरणे न अडवणारी काच साध्या डोळ्यांपेक्षा अधिक घातक असते, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरणे जास्त आत जातात. पडल्यावर ही काच फुटून डोळ्यात जाऊ शकते, असेही ते म्हणाले; खेळासाठीच्या चांगल्या गॉगलची काच पॉलीकार्बोनेटची असते आणि ती सहसा तुकडे होऊन फुटत नाही.

पैसे परत मागितले तेव्हा विक्रेत्याची भाषा बदलली. प्रथम २० टक्के रक्कम घ्या आणि वस्तू तुमच्याकडेच ठेवा, असे कळवले. मी नकार दिल्यावर परदेशातील एक पत्ता देऊन वस्तू स्वखर्चाने तेथे पाठवा, असे सांगितले. तो टपालखर्च वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त होत होता. त्यानंतर उत्तरे बंद झाली. मग मी आणखी एक चूक केली. त्या दुकानाचा ग्राहक सेवा क्रमांक इंटरनेटवर शोधून मी फोन लावला. पलीकडचा माणूस लगेच पैसे परत द्यायला तयार झाला आणि त्यासाठी फोनवर एक ॲप घ्यायला सांगू लागला, ज्यातून माझा पडदा त्याला दिसणार होता. मुलीने ते ऐकले आणि ती म्हणाली, "आई, फोन ठेव आधी. तू पैसे परत घेते आहेस, तर त्याला तुझ्या फोनमध्ये काय पाहायचे आहे?" मी फोन ठेवला. बँकेच्या खात्यात त्या वेळी तिच्या प्रवेशाच्या शुल्काची रक्कम होती.

त्यानंतर मी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, तसेच १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावरही कळवले. १९३० वर जितक्या लवकर फोन करावा तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. मी पैसे भरल्याला तीन आठवडे उलटून गेल्यावर केला, तोपर्यंत पैसे निघून गेले होते. बँकेने सांगितले की व्यवहार मी स्वतः पिन टाकून केलेला असल्यामुळे तो अनधिकृत मानता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते आणि वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही, ही माहितीही मी मिळवली. परंतु तक्रारीत समोरच्या पक्षाचे नाव आणि पत्ता लिहावा लागतो. माझ्याकडे एक ईमेल, एक अपरिचित नाव आणि गोदामाचा अर्धा पत्ता होता. १,३९९ रुपये गेले ते गेलेच.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी काय दिसू शकले असते, ते येथे लिहून ठेवते. ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या नियमांनुसार विक्रेत्याने आपले कायदेशीर नाव, पत्ता, तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि आयात मालाचा मूळ देश संकेतस्थळावर द्यायचा असतो. त्या पानावर यांपैकी काही नव्हते. भाच्याने शोधून दाखवले की ते संकेतस्थळ मी खरेदी केली त्याच्या तीनच आठवडे आधी नोंदवलेले होते, आणि जाहिरातीतील छायाचित्र इंटरनेटवर टाकून ते मुळात कुठले आहे हे शोधले की मूळ परदेशी कंपनी दोन मिनिटांत सापडते. सर्वांत उघड खूण मात्र चित्रफितीतच होती. त्यातील वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालत होती आणि आरसा डाव्या काचेत होता. तो ज्या देशातील सायकलस्वारासाठी बनवला होता, तेथे वाहने डावीकडून ओलांडतात. तोच गॉगल खरा आणि उत्तम प्रतीचा असता, तरी पाम बीचवर त्याने मला पदपथ आणि खारफुटी दाखवली असती. नवी मुंबईत सायकल चालवणाऱ्याला आरसा उजव्या बाजूला हवा. इतकी वर्षे सायकल चालवूनही हे माझ्या ध्यानात आले नाही, याचे मला वाईट वाटते.

आता माझ्या सायकलच्या हँडलच्या उजव्या टोकाला एक गोल आरसा आहे. तो मी दुकानात जाऊन, सायकलवर बसून, मागच्या रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षा त्यात नीट दिसतात का ते पाहून मगच घेतला. तो किंचित फुगीर आहे, त्यामुळे मागची वाहने आहेत त्यापेक्षा लांब वाटतात, हे ध्यानात ठेवून मी थोडी अधिक वाट पाहते. वळण्यापूर्वी शक्य तिथे थांबून अंग वळवून मागे पाहणेही पुन्हा सुरू केले आहे.

आमच्या रविवारच्या गटातील दोघींनी तीच जाहिरात जपून ठेवलेली आहे, असे गेल्या महिन्यात कळले. मी तो गॉगल घेऊन गेले आणि किल्ला चौकात, महापालिका मुख्यालयासमोर सायकली उभ्या करून दोघींना लावायला दिला. दोघींनाही स्वतःचे कानच दिसले. जाहिरात मात्र अजून सुरू आहे. दुकानाचे नाव नवे आहे, किंमत १,२९९ झाली आहे, चित्रफीत तीच आहे. तिची प्रत मी माझ्या तक्रारीला जोडली आहे.