मुलांसाठीची थेरपी डॉग सेशन्स: कुत्र्याला पैकीच्या पैकी, ऑफिसला नाही

पाचपैकी चार स्टार. कापलेला एक स्टार कुत्र्याचा नाही, ऑफिसचा आहे, ते खाली येईलच. सेंटरचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण अशी सेंटर्स आता बरीच निघालीत आणि कुठल्याही ठिकाणी जाताना काय बघायचं ते जास्त उपयोगाचं आहे.

आमची लेक मोठ्याने वाचायची बंद झाली होती. वर्गात एकदा अडखळली, पोरं हसली, झालं. घरी मनातल्या मनात धडाधड वाचायची पण आवाज काढून वाच म्हटलं की पोटात दुखायला लागायचं, आणि ते नाटक नव्हतं, खरंच दुखायचं. काउन्सेलरकडे जात होतोच, त्यांनीच थेरपी डॉगची, म्हणजे शिकवलेल्या शांत कुत्र्यासोबत बसायची, ही सेशन्स सुचवली. मला आधी वाटलं कुत्र्याशी खेळायला कशाला सेशन पाहिजे, मग जरा वाचलं तर कळलं की हे काही कालचं फॅड नाहीये. बोरिस लेविन्सन नावाच्या अमेरिकन बालमानसशास्त्रज्ञाकडे एक अबोल मुलगा वेळेआधी येऊन बसला, त्यांचा कुत्रा जिंगल्स योगायोगाने तिथेच होता आणि जो मुलगा कोणाशी बोलत नव्हता तो कुत्र्याशी खेळायला लागला. त्यावरून त्यांनी १९६२ साली कुत्र्याला 'सह-थेरपिस्ट' म्हणणारा लेख लिहिला. आणि मुलांनी कुत्र्याला वाचून दाखवायची जी आयडिया आहे तो कार्यक्रम म्हणून अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत १९९९ मध्ये सुरू झाला.

आता आत काय होतं ते. खोलीत एक चटई, त्यावर मायलो (लॅब्राडोर, वयाने पोक्त, घोरतो), त्याच्या शेजारी हँडलर ताई, म्हणजे त्याला सांभाळणाऱ्या. पहिल्या वेळी पुस्तक काढूच दिलं नाही ताईंनी. आधी फक्त बाजूला बसायचं, हात खाली ठेवायचा आणि तो येतो का बघायचं. आला तर छातीवर किंवा खांद्याजवळ हात फिरवायचा, डोक्यावर थापट्या नाहीत, मनात तीन आकडे मोजायचे आणि हात काढून घ्यायचा. मग थांबायचं. तो परत अंगाला टेकला तर त्याला अजून हवंय, मान फिरवली, ओठांवरून जीभ फिरवली, उगाचच जांभई दिली तर बास. माझी पोरगी जी घरी माझा फोन सुद्धा न विचारता उचलते ती तिथे हात काढून श्वास रोखून बसलेली, आणि मायलोने डोकं उचलून तिच्या गुडघ्यावर ठेवलं तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका.

मला विचाराल तर सगळी जादू या हात काढून घेण्यात आहे. आपण समजतो कुत्रा मऊ असतो, प्रेमळ असतो म्हणून मूल शांत होतं. थोडं होतही असेल. पण अशा पोरांना सतत कोणीतरी काहीतरी करायला लावत असतं, वाच, बोल, घाबरू नको, आणि इथे पहिल्यांदा काय कधी करायचं ते तिच्या हातात होतं आणि समोरच्यालाही नाही म्हणायची मोकळीक होती. फ्लोरिडातला २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याच्याशी फार जुळतो. ७ ते १२ वर्षांच्या मुलांना अनोळखी माणसांसमोर भाषण आणि तोंडी गणितं करायला लावली, काहींसोबत घरचा कुत्रा, काहींसोबत आई किंवा वडील, काही एकटी. कुत्रा सोबत असलेल्या मुलांनी ताण कमी वाटला असं सांगितलं, पण गंमत पुढे आहे, ज्यांनी स्वतःहून कुत्र्याला बोलावून कुरवाळलं त्यांचं कॉर्टिसोल (ताण आला की वाढणारं हार्मोन) कमी होतं आणि जिथे कुत्रा आपणहून अंगाशी येत होता तिथे उलट जास्तीकडे झुकत होतं! म्हणजे नुसता कुत्रा सोडून दिला खोलीत की झालं असं नाही.

पुस्तक नंतर आलं. पहिलं वाक्य तिने मायलोच्या कानात पुटपुटलं, मला काही ऐकूच आलं नाही. अडखळली की ताई दुरुस्त करत नाहीत, फक्त म्हणतात "मायलोला तो शब्द कळला नाही बहुतेक, त्याला परत सांगतेस का?" मोठ्याने वाचताना मुलांचं ब्लड प्रेशर वाढतं आणि शेजारी कुत्रा असला की ते कमी राहतं हे १९८३ सालीच मोजलं गेलंय, त्यामुळे ही नुसती आईची भाबडी समजूत नाही. काही आठवड्यांनी आवाज माझ्यापर्यंत यायला लागला. वर्गात अजून हात वर करत नाही, नाव पुकारलं तर वाचते. एवढंच. पण पोटदुखी गेली.

आता ऑफिस. त्यांच्या जाहिरातीत ऑटिझम, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा), डिप्रेशन सगळ्यावर एकच औषध असल्यासारखं लिहिलंय, हे मला अजिबात पटत नाही. हे काउन्सेलिंगच्या जोडीला आहे, बदल्यात नाही, आणि ताई स्वतः तसंच सांगतात. त्याहून मजा म्हणजे जाहिरातीच्या फोटोत मूल कुत्र्याच्या गळ्याला मिठी मारून बसलंय आणि आत पहिला नियम काय तर मिठी मारायची नाही! बऱ्याच कुत्र्यांना मिठीत अडकल्यासारखं वाटतं, शिवाय चार-पाच वर्षांच्या कितीतरी मुलांना गुरगुरणाऱ्या कुत्र्याचे दिसणारे दात म्हणजे हसू वाटतं, त्यामुळे हा फोटो निव्वळ बेजबाबदार आहे.

एकदा मायलो दमलेला दिसला म्हणून ताईंनी सेशन अर्ध्यात थांबवलं. माझ्या दृष्टीने ते शंभर टक्के बरोबर, पण ऑफिसने ते पूर्ण सेशन म्हणून मोजलं आणि वर ऐकवलं की कुत्रा तर हजर होता ना. अहो मग त्याला लागोपाठ मुलं कशाला देता? आणि सगळ्यात वाईट, एका आठवड्यात न सांगता दुसराच कुत्रा. गोड होता बिचारा, पण माझी पोरगी दारातच थिजली. जीव लागावा म्हणूनच आपण मुलांना तिथे नेतो, मग आदल्या दिवशी एक फोन करायला काय होतं? शेवटचं सेशन कधी, निरोप कसा घ्यायचा, याचा विचारही ताईंनीच केला, ऑफिसच्या कागदावर त्याला जागाच नाही.

बुकिंग करताना एवढं विचारा: कुत्र्याला दिवसातून किती मुलं भेटतात, त्याला उठून जायला कोपरा आहे का, हँडलर पूर्ण वेळ सोबत असतो का, लसीकरण आणि जंताचं औषध कधी झालं. उत्तर देताना आढेवेढे घेतले तर दुसरीकडे बघा. मुलाला अ‍ॅलर्जी असेल किंवा कुत्र्याची मुळात भीती असेल तर आधी डॉक्टरांशी, काउन्सेलरशी बोला.

हे झालं की घरी पिल्लू आणायचा हट्ट होणार, तयारी ठेवा. आमच्याकडे सुरू आहे. कॅलिफोर्नियातल्या पाच हजारांवर कुटुंबांची माहिती तपासून २०१७ मध्ये दिसलं होतं की प्राणी असलेल्या घरातली मुलं वरवर जास्त निरोगी वाटतात, पण घरची परिस्थिती वगैरे धरून हिशोब केला की तो फरक उरत नाही. त्यामुळे मुलाची तब्येत सुधारेल म्हणून कुत्रा आणू नका, सांभाळायला जमणार असेल तर आणा. आम्हाला सध्या जमणार नाही, तसं तिला सांगितलंय, ती चिडलीये. पुढची सेशन्स मात्र घेतोय, मायलोचीच, आणि तसं ऑफिसकडून लिहून घेतलंय.