पांढरा मुसांडा ‘डोन्या औरोरा’: झाड उत्तम, कलम मात्र जपून

फुलझाड म्हणून पाचपैकी साडेचार. कलमं करायला मात्र तीनच.

मुसांडा फिलिपिका ही फिलिपिन्सच्या रानातली जात. रानातल्या झाडाच्या फुलाचं एखादंच निदल (पाकळ्यांच्या बाहेरचं, एरवी हिरवं असणारं दल) मोठं आणि पांढरं होतं. १९१५ मध्ये माकिलिंग डोंगरावर पाचही निदलं पांढरी, रुंद झालेलं झुडूप सापडलं. पुढे त्याला फिलिपिन्सचे अध्यक्ष मॅन्युएल केसोन यांच्या पत्नी औरोरा केसोन यांचं नाव मिळालं. आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो ती ही निदलं. खरं फूल म्हणजे मधली इवलीशी पिवळी नळी. ती गळली तरी निदलं टिकतात, म्हणून बहर आठवडेच्या आठवडे दिसतो. या झाडाला सहसा बी धरत नाही, त्यामुळे सगळी मदार कलमांवर.

फाटे कलम, म्हणजे कापलेली फांदी लावून रोप करायचं, तर फांदी अर्धवट जून हवी: कोवळी हिरवी नको, कटकन मोडणारी जूनही नको. लांबी १२ ते १५ सेंमी, तीन-चार पेरं. खालचा काप पेराच्या लगेच खाली घ्या, वरची एकच पानजोडी ठेवा आणि तीही अर्धी कापा. खालच्या टोकाला ३००० पीपीएम (दहा लाख भागांत ३००० भाग) आयबीए पावडर, म्हणजे मुळं फुटायला मदत करणारं संप्रेरक, लावून जादाची झटकून टाका. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) निम्मं-निम्मं, वर पारदर्शक पिशवी, जागा उजेडाची पण थेट उन्हाची नाही. मुळं धरायला महिना-दीड महिना, कधी दोन महिनेही लागतात. बुडखा काळा पडला तर हे मिश्रण फार ओलं होतं किंवा फांदी कोवळी होती. फुलांचा घोस असलेलं टोक कधीच घेऊ नये. साठवलेलं अन्न फुलांतच संपतं.

आमचा कौल गुटी कलमाला, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडायला. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवर पेराखाली २ ते ३ सेंमी रुंद साल वर्तुळाकार काढा आणि खालचा बुळबुळीत थर सुरीने खरवडून टाका. बहुतेक गुट्या फसतात त्या इथेच: थर राहिला की साल पुन्हा जुळते आणि मुळं फुटतच नाहीत. वरच्या कडेला आयबीए लावा, मूठभर ओलं, पिळलेलं स्फॅग्नम मॉस (ओल धरून ठेवणारं शेवाळ) गुंडाळा, त्यावर प्लास्टिक लावून दोन्ही टोकं घट्ट बांधा. पहिली पांढरी मुळं दिसताच कापायची घाई नको. त्यांना उपमुळं फुटू द्या. कापल्यावर निम्मी पानं काढा आणि पंधरा दिवस सावलीत ठेवा.

रोप विकत घेताना फुलांवर भाळू नका. बुंधा हलक्या हाताने हलवा. मातीत सैल असेल तर मुळं अजून धरलेली नाहीत.

अर्धा गुण कापला तो थंडीसाठी. पारा १० अंशांखाली गेला की पानं गळतात. तेव्हा पाणी वाढवलं तर मुळं कुजतात. माती आम्लधर्मी आणि निचऱ्याची हवी. चुनखडीच्या जमिनीत नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. चिलेटेड लोह (मुळांना सहज शोषता येईल अशा रूपातलं लोह) द्या. पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी पानांमागे बसतात, त्यामुळे पाणी फवारताना खालूनही मारा.

बहर नव्या फुटव्यावर येतो. बहर ओसरला की फांद्या एक तृतीयांश छाटा. त्यातल्या अर्धवट जून, फूल नसलेल्या फांद्या फाटे कलमाला चालतात.