स्टार ट्रेक: मूळ रूप की नवी झळाळी?

१९६६ ते १९६९ दरम्यानची ‘स्टार ट्रेक’ ही मूळ अमेरिकी अंतराळ-मालिका आज दोन रूपांत मिळते. २००६ पासून आलेल्या आवृत्तीत अंतराळातली दृश्यं संगणकावर नव्याने बनवली आहेत. चित्र लख्ख, ‘द डूम्सडे मशीन’ भागातलं ग्रह गिळणारं अजस्र यंत्र तर आता खरोखर धडकी भरवतं. मूळ रूपात एंटरप्राइझ या अंतराळ-जहाजाचं मॉडेल, तेच ते शॉट पुन्हा पुन्हा. तरी माझं मत मूळ रूपालाच. त्यात जहाज, सेट, प्रकाश सगळं एकाच काळातलं वाटतं. नव्यात जहाज गुळगुळीत, पण ग्रहावरचा नकली खडक मात्र तसाच! स्ट्रीमिंगवर सहसा नवीच आवृत्ती समोर येते. २००९ च्या ब्लू-रे डिस्कवर दोन्ही आहेत. रिमोटनं हवी ती निवडा.