सड्यावरची फुलं, कॅमेऱ्याची सावली : १४ महिन्यांचा अनुभव

परवा कॅमेरा कोल्हापूरहून दुरुस्त होऊन आला, म्हणून आज लिहायला बसले. कंपनीकडची तक्रार अजून मिटलेली नाही, त्यामुळे मॉडेलचं नाव देत नाही. १ सेंटिमीटरवरून मॅक्रो (अगदी जवळून काढलेला फोटो) देणारा, खिशात मावणारा कॉम्पॅक्ट म्हटलं की अंदाज येईलच.

मी रत्नागिरीजवळ राहते आणि कॅमेरा घेतला तो सड्यासाठी, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारासाठी. कातळशिल्पं बघायला लांबून माणसं येतात, पण ऑगस्ट-सप्टेंबरात त्याच जांभ्यावर काय काय उगवतं ते वाकून बघणारे थोडे. सीतेची आसवं, गेंद आणि माझं सगळ्यात लाडकं दवबिंदू. बोटभर रोप, पानांवर लालसर केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. मोबाइलच्या २ मेगापिक्सेल मॅक्रोत त्याचा नुसता लाल फराटा यायचा. या कॅमेऱ्यात पहिल्याच सकाळी थेंबात अडकलेलं चिलट दिसलं. त्याचा एक पाय अजून हलत होता आणि शेजारचे केस त्याच्याकडे वळलेले. कातळावर माती जेमतेम, तिच्यात नत्र कमी, म्हणून हे रोप किडे खाऊन भागवतं, हे वाचलेलं होतं. बघितलं त्या दिवशी.

आता सावली. १ सेंटिमीटरवर जायचं म्हणजे कॅमेरा फुलावर जवळजवळ टेकतो आणि त्याचीच सावली फुलावर पडते. मागे सरकून झूम केलं तर मॅक्रोच उरत नाही, कारण १ सेंटिमीटर फक्त वाइडला, म्हणजे झूम अजिबात न करता. फ्लॅश लावला तर लेन्सची नळी मधे येते आणि फोटोच्या खालच्या भागात काळी अर्धचंद्रकोर उमटते. ढगाळ दिवशी सावली नसते, पण तेव्हा उजेड कमी, शटर मंद, आणि सड्यावरचा वारा काही थांबत नाही. माझे पहिल्या पावसाळ्यातले निम्मे फोटो असेच गेले. लेन्सभोवती बसणारा कंपनीचा रिंग लाइट साडेचार हजारांचा. २६ हजार मोजल्यावर वर आणखी साडेचार का द्यायचे? गणपतीपर्यंत कॅमेरा विकायचं मी पक्कं केलं होतं.

मग श्रीखंडाच्या अर्धा किलोच्या डब्याचं पांढरं झाकण घेतलं, मधे नळीच्या मापाचं भोक पाडलं आणि लेन्सवर बसवलं. फ्लॅशचा उजेड झाकणावर पसरतो आणि फुलावर मऊ होऊन उतरतो. चंद्रकोर गेली. वाऱ्यात हलणारं गेंदसुद्धा स्वच्छ येतं. कॅमेरा बंद करण्याआधी झाकण काढायचं तेवढं लक्षात ठेवा, नाहीतर नळी आत जाताना अडकते. त्या दिवसापासून माझं मत पार बदललं.

यंदा जुलैत फोटो धुरकट यायला लागले. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी उघडूनही न बघता सांगितलं, बुरशी वॉरंटीत बसत नाही, अख्खं लेन्स युनिट बदला, साडेनऊ हजार. मी तीनदा फोन केला, तीनदा तेच उत्तर. कोल्हापुरातल्या एका जुन्या कारागिरांनी मात्र टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, बुरशीनं काचेवरचं कोटिंग खाल्लेलं नाही अजून. पुसून निघेल." ९०० रुपयांत निघालं. आता कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवते. केशरी दाणे हिरवे पडले की जुन्या कढईत मंद आचेवर पुन्हा केशरी होईपर्यंत परतायचे. कोकणात पावसाळ्यात कॅमेरा कापडी बॅगेत ठेवूच नका.

बॅटरी ठीक, व्हिडिओ मी काढत नाही.

घ्यायचा असेल तर दुकानात एक रुपयाचं नाणं ठेवा, लेन्स अगदी जवळ न्या, फ्लॅश लावून फोटो काढा आणि नाण्याची कुठली बाजू सावलीत झाकली जाते ते पाहा. जुना घेत असाल तर टॉर्च न्यायला विसरू नका.