ओपीची रेघ की कॅट्झचा उजेड?

मोजक्या रंगांतलं, फारसा तपशील नसलेलं पोर्ट्रेट घरात लावायचं ठरलं की पॉप आर्टच्या (जाहिराती, कॉमिक्स अशा रोजच्या चित्रांवर पोसलेल्या कलेच्या) गोतावळ्यातली दोन नावं लगेच पुढे येतात. लंडनचा ज्युलियन ओपी (जन्म १९५८) आणि न्यूयॉर्कचा अ‍ॅलेक्स कॅट्झ (जन्म १९२७). कॅट्झला पॉपवाला म्हणणं तसं ओढूनताणूनच, कारण पॉपचा गाजावाजा होण्याआधीच तो सपाट रंगांवर माणसं उभी करत होता.

दोघंही चेहऱ्यातलं बरंच काही गाळतात, पण मागे काय ठेवतात ते पाहा. ओपी रेघ ठेवतो. फोटो घ्यायचा, संगणकावर तो गिरवायचा, मग उरते जाड काळी बाह्यरेषा, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके आणि केसांचा एक सपाट आकार. ब्लर या ब्रिटिश बँडच्या २००० सालच्या संकलनाच्या मुखपृष्ठावरचे चार चेहरे असेच आहेत, आणि चौघं वेगळे ओळखू येतात, ते भुवई आणि केसांवरून. पुढे त्याच्या चालणाऱ्या माणसांत चेहराही गेला. डोक्याच्या जागी नुसतं वर्तुळ, तेही मानेशिवाय तरंगणारं, आणि माणूस ओळखायचा तो चालीवरून.

कॅट्झचं नेमकं उलट. रेघ जवळजवळ नाहीच, रंगाला रंग भिडतो तिथेच कड तयार होते. नाकाच्या एका बाजूला सावलीचा एक तुकडा, ओठावर चकाकीचा ठिपका, बस्स. तेवढ्यावरून दुपार आहे की संध्याकाळ ते कळतं. पत्नी अ‍ॅडाला त्याने दोनशेहून अधिक वेळा रंगवलं. त्याची बरीच छापचित्रं आधीच्या तैलचित्रांवरून बेतलेली असतात, म्हणजे एकदा गाळलेलं तो पुन्हा गाळतो. लिथो (दगडावरून), सिल्कस्क्रीन (ताणलेल्या जाळीतून), अ‍ॅक्वाटिंट (आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून), वुडकट (कोरलेल्या लाकडावरून) अशा छपाईच्या सगळ्या पद्धती त्याने हाताळल्यात. १९८५ चा 'द ग्रीन कॅप' हा वुडकट तर क्योटोत, जपानी पद्धतीने छापलेला. ओपीही जपानी छापचित्रं जमवतो. उतामारो या अठराव्या शतकातल्या जपानी छापचित्रकाराच्या स्त्रियांचे चेहरे आठवले तर दोघांचं मूळ गाव लगेच सापडतं.

आता निवड. जिन्यात, ऑफिसात, लांबून आणि जाता-येता दिसेल अशा भिंतीला ओपी. तो क्षणात पोचतो, पण माझ्या मते तितक्याच क्षणात संपतोही. त्याची लेंटिक्युलर (बारीक खाचांच्या प्लॅस्टिक पृष्ठभागाची) पॅनेलं याला अपवाद, आपण सरकलो की आकृती सरकते. रोज समोर बसणार असाल तर कॅट्झ घ्या. त्याच्या कोऱ्या वाटणाऱ्या गालात रंगांचे थर हळूहळू दिसू लागतात.

सांभाळायला मात्र कॅट्झ कटकटीचा. मोठ्या सपाट रंगावर एक घासलेला ओरखडा लपत नाही. मुंबई-कोकणच्या दमटपणात कागदावर तांबूस डाग पडतात, म्हणून आम्लरहित माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) हवाच, आणि काच चित्राला टेकता कामा नये. ओपीची पॅनेलं या बाबतीत निर्धास्त.

आणखी एक. दोघांचीही प्रदर्शनांची पोस्टरं 'प्रिंट' म्हणून विकायला येतात. कॅट्झच्या मूळ प्रिंटवर सहसा पेन्सिलीने सही आणि आवृत्तीचा क्रमांक (एकूण प्रतींपैकी ही कितवी) असतो. ओपीच्या पॅनेलवर सही बहुधा पाठीमागच्या लेबलावर असते, तेव्हा विक्रेत्याकडून मागच्या बाजूचा फोटो मागवा.