कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या: एसएमपीएस, यूपीएस की अर्थिंग, आधी पैसे कुठे घालायचे?

रत्नागिरीजवळ मावशीकडे कॉम्प्युटर सुरू करायचा एक विधी होता. पायात रबरी सपाता घालायच्या आणि बटण बोटाने न दाबता बॉलपेनच्या मागच्या टोकाने दाबायचं. 'सीपीयू करंट मारतो' एवढंच स्पष्टीकरण. (डब्याला सीपीयू म्हणायची आपली सवय जाणार नाही, मीही सोडून दिलंय.) त्यात मशीन मधूनच आपोआप रिस्टार्ट व्हायचं, आणि एकदा टीव्हीची एचडीएमआय केबल लावताना बारीक ठिणगी उडाली ती पोर्ट घेऊनच गेली.

तीन माणसांनी तीन सल्ले दिले. दुकानदार म्हणाला, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारं आतलं खोकं) बदला. शेजारचे काका म्हणाले, यूपीएस (लाइट गेली की बॅटरीवर मशीन चालू ठेवणारा डबा) घ्या, सगळं थांबेल. वायरमन म्हणाला, 'अर्थिंग नाय तुमच्याकडे, पण कातळ आहे, लागणार नाय.' तिघांच्याही म्हणण्यात थोडं खरं होतं, म्हणून तर गोंधळ. तुमच्याकडेही हीच लक्षणं असतील आणि खिशात चार-पाच हजारच असतील, तर ते कुठे घालायचे याचा हा हिशेब.

आधी झिणझिण्या समजून घेऊ

बऱ्यापैकी दर्जाच्या कोणत्याही एसएमपीएसमध्ये वीज आत शिरते तिथेच एक फिल्टर असतो. त्यातला एक छोटा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) फेज (वीज आणणारी तार) आणि कॅबिनेटच्या पत्र्याच्या मध्ये, दुसरा न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आणि पत्र्याच्या मध्ये. आतला विद्युत गोंगाट अर्थच्या तारेतून जमिनीत सोडायचा, हे त्यांचं काम. अर्थची तारच नसेल तर पत्रा दोघांच्या मध्ये लटकतो. २३० व्होल्टच्या निम्म्यावर, म्हणजे ११५च्या आसपास. करंट मात्र फार थोडा असतो, एका मशीनचा साधारण एक मिलीअँपिअरच्याही आत. म्हणून हाताला मुंग्या येतात, ओल्या पायांनी जास्त, सपातांनी जवळजवळ नाहीत. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर मॉनिटर, प्रिंटर आणि पीसी असतील तर तिघांची गळती एकत्र होते आणि मुंग्यांची चांगली चुरचुर होते.

म्हणजे झिणझिण्या आल्या म्हणून मशीन बिघडलंय असं नाही. भिंतीतल्या सॉकेटची तिसरी, जाडी पिन कुठेच पोचत नाही, एवढंच त्या सांगतात. पण धोका तिथेच आहे. उद्या आत एखादी तार सोलली आणि पत्र्याला टेकली, तर चांगला अर्थ असलेल्या घरात फ्यूज किंवा एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) उडेल. अर्थ नसलेल्या घरात काहीच उडत नाही, पूर्ण २३० व्होल्ट पत्र्यावर तुमची वाट बघत बसतात. म्हणून मुंग्या आणि झटका यांत फरक करा. हात फेकला गेला किंवा स्नायू आखडला, तर मेन स्विच बंद करा आणि मग पुढचं बोला.

एसएमपीएस बदलणे: रिस्टार्टवर औषध, करंटवर नाही

दुकानदाराचा सल्ला निम्मा बरोबर होता. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग सुरू केलं की मशीन बंद पडतं, नुसतं ब्राउझिंग करताना नाही, तर एसएमपीएसवर पहिला संशय. जळका वास, कट्कट् आवाज किंवा बटण दाबल्यावर पंखा अर्धा फेरा मारून थांबणं, ही बाकीची लक्षणं. पण त्याआधी फुकटातल्या गोष्टी करून बघा. प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, मग रॅम काढून तिचे सोनेरी पट्टे खोडरबराने पुसा आणि घट्ट बसवा. प्रोसेसरच्या पंख्यातली धूळ काढा, तापल्यामुळेही मशीन बंद पडतं. घड्याळ रोज मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला, तीस-चाळीस रुपयांत काम होतं.

मशीन अजिबातच सुरू होत नसेल तर एक जुनी युक्ती आहे. एसएमपीएसचा प्लग काढून २४ पिनी कनेक्टर मदरबोर्डवरून सोडवायचा, हिरवी वायर कोणत्याही काळ्या वायरला पेपरक्लिपने जोडायची, मग प्लग लावून बघायचं. पंखा फिरला तर एसएमपीएस निदान जिवंत आहे. पण जिवंत आणि सशक्त यांत अंतर आहे. मल्टीमीटरवर १२ व्होल्टची पिवळी वायर ११.४ ते १२.६मध्ये आणि ५ व्होल्टची लाल ४.७५ ते ५.२५मध्ये हवी, आणि तीही मशीन काम करत असताना. काही महागड्या एसएमपीएसचे पंखे कमी लोडवर मुद्दामच फिरत नाहीत, त्यामुळे पंखा थांबला म्हणून लगेच मयत जाहीर करू नका. एसएमपीएसचं खोकं मात्र उघडायचं नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे ते चारशे व्होल्ट डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ राहू शकतं.

आता गंमत. नवा स्वस्तातला एसएमपीएस बसवला आणि झिणझिण्या खरंच थांबल्या, असं सांगणारे लोक भेटतात. ते खोटं बोलत नाहीत. सात-आठशे रुपयांच्या बिननावाच्या एसएमपीएसमध्ये पैसे वाचवायला बऱ्याचदा तो फिल्टरच गाळलेला असतो. फिल्टर नाही, म्हणून गळती नाही, म्हणून मुंग्या नाहीत. दुकानदार खूश, गिऱ्हाईक खूश, आणि घरात आलाय तो आधीपेक्षा कमी संरक्षणाचा डबा. उलट तीन-साडेतीन हजारांचा चांगला एसएमपीएस बसवला तर झिणझिण्या तशाच राहतील, आणि तुम्ही दुकानदाराशी भांडाल. भांडू नका. त्याच मशीनला चांगलं अर्थिंग असलेल्या सॉकेटवर लावून बघा. मुंग्या गेल्या तर दोष भिंतीचा.

यूपीएस: लाइट जाते त्यांच्यासाठी

काकांचा यूपीएस हा तिन्हींतला सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात गैरसमजाचा पर्याय. यूपीएस अर्थ तयार करत नाही, भिंतीतला अर्थ फक्त पुढे पोचवतो. भिंतीत नसेल तर यूपीएसच्या मागेही नाही. झिणझिण्यांसाठी यूपीएस घेणं म्हणजे विहिरीत पाणी नसताना मोटर बदलणं.

तो उपयोगी पडतो तो क्षणभर जाणाऱ्या लाइटसाठी. चांगला एसएमपीएस पूर्ण लोडवर साधारण १६ मिलीसेकंद स्वतःच्या दमावर तग धरतो, घरगुती यूपीएस त्याच्या आत बॅटरीवर येतो, म्हणून मशीनला काही कळत नाही. ६०० व्हीएच्या यूपीएसवर प्रत्यक्षात साधारण ३६० वॉट मिळतात. ऑफिसचं काम करणाऱ्या पीसीला पुरे, ग्राफिक्स कार्डवाल्याला अपुरे. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. तिचं पोट फुगलेलं दिसलं तर त्या दिवशीच काढा.

घरात इन्व्हर्टर असेल तर वेगळा यूपीएस घेण्याआधी इन्व्हर्टरच्या मागे 'यूपीएस मोड'चं बटण आहे का ते बघा. त्या मोडमध्ये तो पटकन बदल करतो, आणि साइन वेव्हचा (मेनसारखी गुळगुळीत वीज देणारा) असेल तर वेगळ्या खर्चाची गरजच नाही. जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर आणि नवा एसएमपीएस मात्र एकमेकांशी नीट वागतीलच असं नाही.

एक सवय मोडा. यूपीएस तपासायला लोक भिंतीतला प्लग ओढतात. त्याने अर्थही सुटतो आणि मशीन बिनअर्थची चालू राहते. भिंतीवरचं बटण बंद करा. आपल्याकडच्या बोर्डाचं बटण फक्त फेज तोडतं, अर्थ जोडलेलाच राहतो.

स्पाइक गार्ड आणि स्टॅबिलायझर यांना दोन ओळी पुरेत. दुकानात 'स्पाइक गार्ड' म्हणून मिळणारी बरीच खोकी नुसते एक्स्टेंशन बोर्ड असतात. खऱ्यात व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेजचा लोट गिळणारा भाग) असतो, पण पत्र्याकडे उसळणारा लोट जमिनीत सोडायला त्यालाही अर्थ लागतो आणि दर मोठ्या लोटाला तो थोडा झिजतो. स्टॅबिलायझर फ्रिजला द्या.

अर्थिंग आणि आरसीसीबी: कंटाळवाणी, पण पहिली

मल्टीमीटर तीन-चारशे रुपयांत येतो. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ शून्य ते दोन-तीन व्होल्ट असं दिसलं तर आशा आहे. फेज-अर्थ कधी साठ, कधी एकशेवीस असं भटकत असेल तर अर्थची तार लोंबकळते आहे. पण मीटर फसवतो. तो इतका कमी करंट घेतो की नावापुरत्या जोडणीतूनही त्याला २३० दिसतात. म्हणून जुने वायरमन फेज आणि अर्थमध्ये शंभरचा बल्ब लावून बघतात. मंद लागला किंवा लागलाच नाही तर अर्थ नावापुरता. तो खेळ त्यांनाच करू द्या.

आणि त्यांच्यावर नजरही ठेवा. अर्थ नसलेल्या सॉकेटमध्ये न्यूट्रलमधून एक तुकडा काढून अर्थच्या पिनेत खोचायचा, हा जुगाड मी तीन घरांत पाहिलाय. मीटरवर सगळं सुंदर दिसतं, मुंग्या थांबतात. मग एखाद्या वादळी संध्याकाळी न्यूट्रल तुटतो, आणि कॅबिनेटचा पत्रा, इस्त्री, वॉशिंग मशीन सगळे एकदम फेजवर. गिझर चालू असतानाही न्यूट्रल-अर्थमध्ये कायम चोख शून्य येत असेल तर सॉकेट उघडून दाखवायला सांगा. तीन पिनी प्लगला दोन पिनी अडॅप्टर लावणं हा याचाच धाकटा भाऊ.

फ्लॅटमध्ये बहुधा इमारतीचा अर्थ मीटरच्या खोलीपर्यंत असतो. फक्त हिरवी तार तुमच्या खोलीत ओढलेली नसते किंवा स्क्रू ढिला असतो. काम काही शेकड्यांत ते दोन-तीन हजारांत होतं. स्वतंत्र घराला अर्थचा पाइप गाडायला खड्डा लागतो. जांभ्याच्या कातळावर ते खरंच कठीण. कोरडा जांभा वीज शोषत नाही, आणि मीठ-कोळशाचा खड्डा मे महिन्यात पार सुकतो. मावशीकडे आम्ही जागा बदलली. घराच्या पुढच्या कातळाऐवजी मागच्या पडवीजवळ, मोरीचं पाणी जिथे मुरतं तिथे, बेंटोनाइटची (ओल धरून ठेवणाऱ्या मातीची) भुकटी भरून पाइप गाडला. 'लागणार नाय' म्हणणाऱ्या वायरमननेच तो गाडला.

त्याच दिवशी मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला. लोक याची एमसीबीशी गल्लत करतात. एमसीबी तारा जळू नयेत म्हणून असतो, माणूस चिकटला तरी त्याला पत्ता लागत नाही. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट ताडून बघतो, तफावत दिसली की तोडतो. अर्थ नसलेल्या घरातही तो काम करतो, फक्त झटका आधी तुमच्यातून जातो आणि मग तो तोडतो. झिणझिण्या तो थांबवणार नाही, तेवढ्या गळतीला तो हलतच नाही. बसवल्यावर सारखा पडायला लागला तर त्याला शिव्या देऊ नका. बहुतेकदा दोन सर्किटांचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र झालेले असतात, इन्व्हर्टर असलेल्या घरांत तर हमखास. तो दोष आधीपासून होता, आता दिसला एवढंच. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं.

आणि ती एचडीएमआयची ठिणगी? तोही अर्थचाच प्रताप. अधांतरी लटकलेला कॅबिनेट एका बाजूला, केबल टीव्हीच्या तारेमुळे जमिनीशी जोडलेला टीव्ही दुसऱ्या बाजूला. पिन टेकताना दोघांतला फरक पोर्टमधून उतरला. असा पोर्ट दोनदा गेला तरी लोक ग्राफिक्स कार्डालाच नावं ठेवतात. अर्थ नसेल तोपर्यंत दोन्ही प्लग काढल्याशिवाय केबल लावू नका. विजा कडकडताना लॅनची तारही काढा, नुसता प्लग नव्हे.

मग क्रम कसा?

फक्त झिणझिण्या: अर्थिंग आणि आरसीसीबी, मशीनला हातही लावू नका. फक्त रिस्टार्ट, तोही काम वाढल्यावर: रॅम आणि धूळ, मग चांगला एसएमपीएस. लाइट गेल्यावर काम बुडणं एवढंच दुखणं: यूपीएस किंवा इन्व्हर्टरचा मोड. तिन्ही असतील तर भिंत आधी, डबा नंतर, बॅटरी शेवटी. अर्थ नसताना घेतलेल्या महाग वस्तूही अर्ध्याच कामाच्या.

भाड्याच्या घरात पेच असतो. मालक अर्थिंगला पैसे देत नाही, आणि आपण दुसऱ्याच्या भिंतीत किती घालायचे? तेव्हा गिझरच्या १६ अँपिअर सॉकेटचा अर्थ तपासा, बऱ्याच घरांत तेवढाच एक खरा असतो. तिथून तीन तारांचं, जाड वायरचं एक्स्टेंशन पीसीपर्यंत आणा, दारात चेंगरणार नाही असं. आरसीसीबी मात्र स्वतःच्या खर्चाने बसवून घ्या आणि घर सोडताना काढून न्या. दोन हजारांच्या आसपास जातो, आणि पुढच्या घरातही तो लागणारच असतो.

मावशीच्या मशीनचा एसएमपीएस अजून जुनाच आहे. रिस्टार्ट व्हायचं ते रॅममुळे. सपाता ती अजूनही घालते, म्हणते फरशी थंड लागते.